अनाहितबाईंची तिसरी घंटा

नाटकाला उशिरा येणाऱ्या माणसावर अनाहितबाई कधीच ओरडल्या नाहीत. त्या त्याला सरळ दाराबाहेर बसवायच्या आणि वर विचारायच्या, "कॉफी घेणार?" आमच्या इथे अमेरिकेत, फ्रीमाँटच्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी ती कॉफी प्यायलेली आहे. कडू जहर असायची. माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला, तर ती इतक्या वेळा प्यावी लागली की शेवटी त्याला आवडायलाच लागली.

बाई आर्मेनियातल्या नाटककार. ग्युम्री नावाच्या गावच्या. ते गाव तिकडे टवाळखोर लोकांचं म्हणून ओळखलं जातं, आणि बाई तर अस्सल ग्युम्रीच्या. त्यांची नाटकं येरेवानच्या, म्हणजे तिकडच्या राजधानीच्या, मोठ्या थिएटरात वर्षानुवर्षं चालली. सिनेमे त्यांनी लिहिले ते वेगळेच. आमच्या इथल्या एका आर्मेनियन बेकरीत मी त्यांच्याबरोबर गेले होते, तर गल्ल्यावरचा माणूस त्यांना बघून ताडकन उभा राहिला आणि त्यानं त्यांच्याच सिनेमातला एक अख्खा संवाद घडाघडा म्हणून दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मधला एक शब्द दुरुस्त केला आणि पाव घेऊन बाहेर पडल्या.

आणि अशी ही बाई इथे काय करत होती? मुलाकडे राहायला आली होती, आमच्या समोरच्या रांगेतल्या टाउनहाउसमध्ये. आणि कम्युनिटी सेंटरमधल्या म्हाताऱ्या लोकांच्या इंग्रजीच्या क्लासला जात होती. तिथे एक गोड मुलगी त्यांना 'माय नेम इज अनाहित' म्हणायला शिकवायची. त्याचा बाईंना काही राग नव्हता. मला मात्र भयंकर होता. अरे, जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली, तिला तुम्ही वाक्य शिकवता?

तर त्या क्लासला दांडी मारूनच त्या आम्हाला भेटल्या. शेजारच्या हॉलमध्ये आमची तालीम चालली होती. शेवटच्या रांगेत काळा कोट घातलेली एक म्हातारी येऊन बसली आणि सूर्यफुलाच्या बिया सोलून खायला लागली. सालं मात्र एका कागदी पुडीत गोळा करत होती. आम्हाला वाटलं, बसली असेल बिचारी एसीत. तालीम संपली तशी ती उठून पुढे आली आणि आमच्या मंगेशकडे बोट दाखवून म्हणाली, "हा ऐकत नाही. बायको बोलते तेव्हा हा फक्त आपली पाळी यायची वाट बघतो." (त्यांचं इंग्रजी तुटकं आणि माझं नागपूरच्या वळणाचं. त्यामुळे आमचं सगळं बोलणं मी मराठीतच सांगते.)

मंगेशची खरी बायको तिथेच बसली होती. ती ओरडली, "घरीपण हेच करतो हो!"

सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, "आणि शेवटी ती मुलगी दाराशी उभी राहून लांबलचक बोलते, ते काढा. ती तर केव्हाच गेलेली आहे."

ते भाषण मी लिहिलेलं होतं. माझ्या मते नाटकातलं सर्वांत सुंदर. मराठीचा एक शब्द न कळणारी ही कोण टिकोजीराव, असं मनात म्हणत मी घरी गेले आणि श्रीरंगचं जेवण कडू केलं. पण प्रयोगाच्या दिवशी आमच्या स्नेहलनं एक शब्द न बोलता नुसतं दार ओढून घेतलं, आणि हॉलमधून हुंदके ऐकू आले. झालं. त्या दिवसापासून बाई आमच्या.

खरं तर त्या आमच्या झाल्या त्या प्रयोगाच्या आधीच, घंटेमुळे. आमच्या मंडळाकडे एक पितळी घंटा आहे, जोशीकाकांच्या देवघरातली. नाटकाआधी आम्ही नारळ फोडतो आणि तीनदा घंटा वाजवतो, आपल्याकडे वाजवतात तशीच. पहिली झाली, दुसरी झाली, तशी बाई विंगेत माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. तिसरी झाली आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"तीन? तुमच्याकडेही तीन?"

"हो. तिसरी झाली की पडदा."

"आमच्याकडेही!" त्यांचे डोळे भरून आले होते. "या देशात कोणी घंटा वाजवत नाही. दिवे बारीक करतात, बस. मला वाटलं होतं, आता मरेपर्यंत तिसरी घंटा कानावर पडणार नाही."

मग काय! मंडळाची दारं सांभाळायचं काम त्यांनी न विचारता हातात घेतलं. आता आमचं मंडळ म्हणजे तुम्हाला सांगायला नको. चार लिहिलं की लोक पावणेपाचला पार्किंग शोधायला लागतात, मग हॅलो-हाय, मग 'चहा आहे का गं?' बाईंनी पहिल्याच वर्षी तिसऱ्या घंटेनंतर मंडळाच्या अध्यक्षांनाच बाहेर ठेवलं. अध्यक्ष लाल झाले, "मी प्रेसिडेंट आहे!" म्हणाले. बाई म्हणाल्या, "येरेवानला मी मंत्र्याला बाहेर बसवलं होतं. दोन साखरा की एक?"

मंत्र्याची गोष्ट खरी होती. मी ती त्यांच्या तिकडच्या लोकांकडूनही ऐकली. सोव्हिएत जमाना, मंत्री लवाजम्यासकट उशिरा आलेला, आणि ही एवढीशी बाई दारात. मंत्र्यानं बाहेरच्या दालनात बसून कॉफी प्यायली आणि मध्यंतरात मुकाट्यानं आत गेला. ही गोष्ट सांगताना बाईंची मान अशी ताठ व्हायची की बघत राहावं.

त्यांची लिहायची पद्धत मात्र आमच्या अख्ख्या कॉम्प्लेक्सला माहीत होती. त्या बसून लिहीतच नसत. ओट्याशी उभ्या राहून द्राक्षाच्या पानात भाताचं सारण गुंडाळत, त्याला ते दोल्मा म्हणतात, आणि सगळ्या पात्रांचे संवाद मोठमोठ्यानं म्हणत. सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा, पोलिसाचा वेगळा. "हात रिकामे ठेवून बोलणारं पात्र मला नको," म्हणायच्या, "तसं फक्त नट बोलतात. माणसं काहीतरी करता करता बोलतात." संवाद तोंडात नीट बसला की मगच कागदावर. एकदा शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याला वाटलं, घरात मारामारी चालली आहे. तो काळजीनं धावत आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, दोल्मे दिले, दोन्ही बाजू इंग्रजीत समजावल्या आणि विचारलं, "आता सांग, चूक कोणाची?" त्यानं सुनेची सांगितली. बाईंनी सासूचं एक वाक्य वाढवलं आणि पुन्हा विचारलं. असं करत करत त्याला चांगला दीड तास बसवून घेतलं. नंतर तो दर रविवारी स्वतःहून यायला लागला.

आणि बकरी! बकरीशिवाय बाईंची गोष्ट पुरी होत नाही. त्या काळी तिकडे सिनेमाची पटकथा सरकारी समितीकडे जायची, आणि समिती काही ना काही कापल्याशिवाय सोडायची नाही. म्हणून बाई प्रत्येक पटकथेत कापण्यासाठीच म्हणून एक आचरटपणा घालून ठेवायच्या. तो कापला की समिती खूश, आणि बाकीचं सुखरूप. एका सिनेमात त्यांनी पुलाच्या उद्‌घाटनाचा सोहळा लिहिला आणि त्यात एक बकरी घातली. ती साहेबाचं भाषण कागदासकट खाऊन टाकते. समितीत नेमका एक गृहस्थ खेडेगावचा निघाला. लहानपणी बकऱ्या पाळलेला. त्यानं बकरी ठेवली आणि प्रेमाचा प्रसंग कापला! आली का पंचाईत? आता बकरीचं चित्रीकरण करणं भाग. आणि ती बया कागद सोडून जगातलं सगळं खायची. कागदाला मीठ लावलं, मध लावला. मग एके दिवशी... आणि इथून पुढचं बाई दर वेळी वेगळं सांगायच्या. कधी बकरीनं दिग्दर्शकाची टोपी खाल्ली, कधी समितीचं पत्रच खाल्लं. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, खरं काय झालं ते एकदा सांगा ना!" तर मिस्कील हसून म्हणाल्या, "तुला शेवट आवडला नाही का? थांब, दुसरा देते."

कोणाचं काही दुखलंखुपलं कळलं की त्या 'त्सावत तानेम' म्हणायच्या. म्हणजे तुझं दुखणं मी घेते. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे बायका गालावरून हात फिरवतात, कानशिलावर बोटं मोडतात आणि अलाबला घेतात, ते हेच. त्यांनी ते माझ्याकडून करून घेतलं, आणि मग मंडळातलं एकही पोर त्यांच्या तावडीतून सुटेना. आमची इथे वाढलेली, जन्मात 'नमस्कार' न म्हणणारी कार्टी त्यांच्यापुढे गाल घेऊन उभी राहायची.

त्यांचा मुलगा तिग्रान. श्रीरंगच्याच कंपनीत इंजिनियर. अगदी सज्जन माणूस. आईला डॉक्टरकडे न्यायचा, हवी ती ताजी कोथिंबीर-पुदिना शोधून आणायचा, आमच्या गणपतीत पुरणपोळी खायलाही यायचा. पण आईच्या नाटकाचा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागायचा. मी एकदा मंत्र्याची गोष्ट पुन्हा सांगा म्हणून बाईंच्या मागे लागले होते, तेव्हा त्याने नळ एवढा मोठा सोडला की आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. तो बाहेर गेल्यावर बाई म्हणाल्या, "मंत्र्याची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. दुसरी सांगत नाही."

दुसरी अशी. तिग्रान दहा वर्षांचा होता. येरेवानला बाईंच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. वडील त्याला घेऊन ग्युम्रीहून निघाले. नवा कोट, नवे बूट, आईसाठी फुलं. बर्फामुळे गाडी रखडली. ते पोचले तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. दारवानानं आत विंगेत येऊन विचारलं, काय करू? बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. पोरगं मध्यंतरापर्यंत बाहेरच्या पायरीवर फुलं घेऊन बसलं. मध्यंतरात त्या धावत गेल्या तेव्हा पायरीवर नुसती फुलं होती. ते दोघं परतीच्या गाडीला निघून गेले होते.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. काय तो प्रश्न!

"वाटलं. पण दार उघडलं असतं तर आतल्या माणसांना काय सांगितलं असतं? हा माझा मुलगा आहे म्हणून?" जरा वेळ त्या ओटा पुसत राहिल्या. "त्यानंतर त्यानं माझं एकही नाटक पाहिलं नाही, शुभा जान. अख्ख्या आर्मेनियानं पाहिलं. त्यानं नाही."

मग गेल्या वर्षी ग्युम्रीच्या थिएटरनं त्यांना बोलावलं. तुमची सगळी नाटकं नव्यानं करायची आहेत, तुम्ही या, घर देतो. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला! आमची छाती तर फुगून गेली. बाईंनी लगेच होकार कळवला, पण मला म्हणाल्या, "जायच्या आधी इथे एक प्रयोग करायचा. तो एकदा आत बसला पाहिजे. तेवढं झालं की मी निघाले."

नाटक नवं होतं. ग्युम्रीत मागे मोठा भूकंप झाला, त्यानंतर रेल्वेच्या लोखंडी डब्यात संसार मांडलेल्या दोन जावांचं. विषय असा, आणि नाटक मात्र पोट धरून हसवणारं. आर्मेनियन नट कुठून कुठून गाडी चालवत तालमीला यायचे, मागच्या पडद्यावर इंग्रजीत ओळी दाखवायची सोय केली होती, आणि दिवे, पडदा, घंटा सगळं आमच्या मंडळाकडे. तिग्रानला बाईंनी एकदाच सांगितलं, "रविवारी पाच वाजता." तो "बघतो" म्हणाला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्याच्या नावानं ठेवली.

रविवारी काय चमत्कार! बाईंच्या कॉफीच्या धास्तीनं अख्खं मंडळ साडेचारलाच हजर. जोशीकाका सव्वाचारला. मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही. पाचला दहा कमी असताना मी पहिली घंटा दिली. पाचला पाच कमी असताना दुसरी दिली. हॉल गच्च भरलेला, आणि पहिल्या रांगेतली ती एक खुर्ची रिकामी.

मी श्रीरंगला विंगेत ओढलं. "तिग्रानला फोन लाव."

तो म्हणाला, "अगं येईल ना तो. त्यानं परवा मला विचारलं होतं, नक्की पाचला सुरू होतं का म्हणून. मी म्हटलं, अरे यार, आपलं मंडळ आहे, पाच म्हणजे सहा. आरामात ये."

मी त्या माणसाला तिथे काय काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. आमच्या गणपतीची अकराची आरती साडेबाराला झालेली तिग्राननं डोळ्यांनी पाहिली होती. त्याला ते खरंच वाटणार! फोन लावला, तर तो मुलीची सॉकरची मॅच आटपून लिव्हरमोरहून निघालेला आणि सिक्स-एटी हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेला. म्हणाला, "पण अजून तासभर आहे ना?"

मी फोन तसाच बाईंच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं. आर्मेनियनमध्ये दोनच शब्द बोलल्या आणि फोन मला परत दिला. पाच वाजत आले होते. माझा हात घंटेवर. म्हटलं, आता ही बाई 'वाजव' म्हणणार आणि तो पुन्हा पायरीवर. मी म्हटलं, "बाई, थांबू या ना हो. कोणी काही म्हणणार नाही. आपलीच माणसं आहेत."

"उशिरा येणाऱ्यासाठी नाटक थांबत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी केस सारखे केले, कोटाची गुंडी लावली. "पण तिसरी घंटा अजून झालेली नाही. मी हात वर करीन तेव्हा वाजव."

आणि ही बाई, जी जन्मात कधी रंगमंचावर गेली नव्हती, जी आपलं प्रत्येक नाटक विंगेत उभी राहून ओठ हलवत बघायची, ती पडद्याची फट सारून सरळ प्रेक्षकांसमोर जाऊन उभी राहिली.

"माय नेम इज अनाहित," बाई म्हणाल्या. "एकदा मी एका सिनेमात बकरी घातली."

त्या दिवशी बकरीनं जे केलं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बकरी मंत्र्याच्या घरी गेली. बकरीला पदक मिळालं. बकरीवरून दोन गावांत भांडण झालं. तोडक्या इंग्रजीत, मध्येच आर्मेनियनमध्ये, मध्येच आमच्याकडून उचललेलं 'अगं बाई!' घालून ती बाई बोलत होती. मराठी काकू आणि आर्मेनियन आजोबा एकाच वेळी डोळे पुसत हसत होते. कोणी घड्याळ बघत नव्हतं. फक्त मी बघत होते, आणि बाईंची नजर दारावर. अर्धा तास होऊन गेला. श्रीरंग खुर्ची घेऊन निघाला, तर त्यांनी त्याला हातानंच मागे सारलं.

"तेव्हा समितीचा साहेब बकरीसमोर वाकला," बाई म्हणाल्या, "आणि बकरीनं तोंड उघडलं..."

दार उघडलं. तिग्रान. शर्ट बाहेर आलेला, धापा टाकत, मागे सॉकरच्या कपड्यांत चिखलानं माखलेली त्याची मुलगी. तो दारातच थबकला. आत यावं की नाही, त्याला कळेना.

बाईंनी गोष्ट तिथेच टाकली. हात वर केला.

मी घंटा वाजवली. अशी वाजवली की जोशीकाका म्हणतात त्यांच्या देवांनाही ऐकू गेली असेल.

"बकरीचं काय झालं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तिसरी घंटा झाली," बाई म्हणाल्या. "आता कोणी बोलायचं नाही."

त्या स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या उतरून खाली गेल्या. तिग्रानचं मनगट धरून त्याला पुढे घेऊन आल्या. खुर्ची एकच होती, तिथे पोरीला बसवलं. दिवे जायला लागले होते. बाई विंगेत परत येण्यासाठी वळल्या, आणि थांबल्या. तिसऱ्या घंटेनंतर कोणी जागचं हलायचं नाही. नियम म्हणजे नियम. तिग्राननं तिथल्याच पायरीवर बसकण मारली आणि आईला हात दिला. बाई त्याच्या शेजारी टेकल्या.

हॉलच्या नियमांत पायऱ्यांवर बसायला सक्त मनाई आहे. मी तिकडे बघितलंच नाही असं दाखवलं आणि पडदा उघडला.

पुढच्या महिन्यात आम्ही सगळे त्यांना सोडायला एअरपोर्टवर गेलो, रडारड झाली, आता ग्युम्रीहून त्यांचे व्हिडिओ कॉलही येतात. पण मला आठवतात त्या तशाच. आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाटक समोरून बघणाऱ्या. सवयीनं ओठ हलत होते, पात्रांच्या आधी वाक्यं म्हणत. पहिल्याच प्रसंगात धाकटी जाऊ काहीतरी बोलली आणि तिग्रान मोठ्यानं हसला. तशा बाई नाटक बघायचं विसरल्या आणि त्याच्याकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

ते मला विंगेत ऐकू आलं. नाटक चालू असताना आवाज केला म्हणून त्यांना बाहेर बसवायला हवं होतं.

मी बसवलं नाही.